दहावीपूर्वी गेलेल्यांची नावे

२०२२ च्या चवथीनंतरच्या, म्हणजे गणेशचतुर्थीनंतरच्या, रविवारी आमच्या निवासी विद्यालयाच्या प्रार्थनागृहात आम्ही चाळीसेक माजी विद्यार्थी जमलो होतो. चवथीला गोव्याबाहेर गेलेली माणसेही घरी येतात आणि गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरल्यावर एकदोन दिवस थांबतात, म्हणून तो दिवस निवडला होता. कोविडच्या काळात रिकामे झालेले वसतिगृह पुन्हा सुरू झाले होते, पण बऱ्याच खाटांवरच्या गाद्या अजून गुंडाळलेल्याच होत्या. निवृत्त झालेले आमचे रेक्टरसर मुद्दाम आले होते. शाळेला नवे प्रवेशद्वार बांधून द्यावे, संगणकाची खोली करावी, अशा सूचना एकामागून एक येत असताना ते उठले आणि म्हणाले, "बांधकामासाठी माझे काही मागणे नाही. सुटीला घरी गेलेले मूल परत का येत नाही, एवढे तुम्ही शोधून काढा. तुम्ही त्याच गावांतले आहात, तुम्हांला ते कळेल."

त्या वाक्यापासून पुढची अडीच वर्षे मी ज्या कामात होते, त्याची ही हकिगत आहे. गोव्यात आमच्यासारख्या लहान शाळा आणखीही आहेत आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना याचा उपयोग व्हावा, म्हणून कागदपत्रांचे तपशीलही येथे देत आहे.

आमचे विद्यालय सत्तरी तालुक्यात आहे. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि आमच्या आईवडिलांच्या पिढीला चौथीपर्यंतचे शिक्षण घराजवळ मिळू लागले. त्यापुढची शाळा मात्र लांब होती, पावसाळ्यात ओहोळ भरले की वाट बंद व्हायची आणि कदंबची, म्हणजे राज्य परिवहनाची, गाडी आमच्या वाड्यापर्यंत पोहोचायला आणखी पुष्कळ वर्षे लागली. अशा वाड्यांवरच्या मुलांसाठी हे वसतिगृह निघाले. मी पाचवीत तेथे गेले तेव्हा माझ्या लोखंडी ट्रंकेवर वडिलांनी पांढऱ्या रंगाने माझे नाव लिहून दिले होते. सकाळी पेज आणि लोणचे, संध्याकाळी प्रार्थना, रात्री झोपण्यापूर्वी हजेरी. हजेरीचे क्रमांक वर्षभर बदलत नसत. नववीत माझा क्रमांक अठरा होता आणि सतरा क्रमांकाची मुलगी माझ्या शेजारच्या खाटेवर झोपत असे. १९९५ च्या दिवाळीच्या सुटीनंतर ती परत आली नाही. काही दिवस रेक्टरसर तिचा क्रमांक पुकारून थांबत, आणि नंतर सोळावरून थेट अठरावर येऊ लागले. तिची वळकटी नाताळच्या सुटीपर्यंत खाटेवर होती, मग कोणीतरी ती कोठीत नेऊन ठेवली. ती का आली नाही हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि मीही कोणाला विचारले नाही.

संस्था नोंदवायचीच, हा निर्णय पहिल्या बैठकीत झाला, कारण आधीचा अनुभव चांगला नव्हता. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीसाठी आम्ही वर्गणी गोळा केली होती. पैसे एका मित्राच्या खात्यात ठेवले होते. त्याने प्रामाणिकपणे काम केले, पण पावत्या नव्हत्या, हिशेब वहीत होता आणि वही हरवली. कोणी उघड आरोप केला नाही, तरीही तो मित्र त्यानंतर शाळेच्या कोणत्याच कार्यक्रमाला आला नाही. पैशाची व्यवस्था नीट नसली की सर्वांत आधी माणूस तुटतो, हे आम्ही त्याच्या बाबतीत पाहिले होते.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था स्थापन करू शकतात. उद्दिष्टपत्रात संस्थेचे नाव, तिची उद्दिष्टे आणि कार्यकारिणीतील व्यक्तींची नावे, पत्ते व व्यवसाय लिहावे लागतात, आणि सोबतच्या नियमावलीची प्रत कार्यकारिणीतील किमान तिघांनी खरी असल्याचे प्रमाणित करावी लागते. हे सारे ऐकायला सोपे वाटते. दुसऱ्या एका संस्थेची नियमावली समोर ठेवून मी एका रात्रीत मसुदा तयार केला. सभासदत्वाच्या कलमात त्या नियमावलीतले वाक्य तसेच उतरवले होते: "विद्यालयातून दहावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली कोणतीही व्यक्ती." दुसऱ्या दिवशी ते वाक्य मोठ्याने वाचताना मी अडखळले. सतरा क्रमांक या वाक्यात बसत नव्हता. मी त्या एका कलमाने तिला दुसऱ्यांदा हजेरीतून वगळले होते.

मी दुरुस्ती सुचवली की वसतिगृहाच्या रजिस्टरात ज्याचे नाव एकदा नोंदले गेले तो आमचा सभासद होऊ शकेल, मग तो तेथे सहा वर्षे राहिलेला असो वा सहा आठवडे. यावर दोन बैठका वाद झाला. विरोध करणारे कोत्या मनाचे नव्हते. ज्यांचा शाळेशी संबंध चार महिन्यांत संपला त्यांनी शाळेविषयी मतदान का करावे, शिस्तभंगासाठी काढून टाकलेल्या मुलांचे काय करावे, हे प्रश्न खरे होते. शेवटी एका ज्येष्ठ सभासदाने सुचवले की वाद घालण्यापूर्वी आपण रजिस्टर तरी पाहू या.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्यांच्याच समोर बसून, आम्ही पाच जणांनी सलग तीन रविवार जुनी रजिस्टरे वाचली. कापडी बांधणीची, पुठ्ठे सुटलेली ती रजिस्टरे होती. प्रत्येक ओळीत नाव, जन्मतारीख, गाव, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी शाळा सोडण्याचे कारण. दहावीपूर्वी गेलेल्या मुलाची नोंद नाही असे एकही पान आम्हांला सापडले नाही. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच मजकूर होता: "पालकांच्या अर्जावरून." त्याखाली "सतत गैरहजर", क्वचित "स्थलांतर". २०१२ च्या दिवाळीनंतरच्या पानांवर मात्र सोडून गेलेल्यांची नावे एकाखाली एक येऊ लागली, आणि गावे पाहिली की त्याचे कारण समजत होते. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. होंडा, उसगाव, सावर्डे या भागांत ट्रकसाठी कर्ज काढलेल्या घरांत एका महिन्यात मिळकत बंद झाली होती. २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या, तेव्हाच्या पानांवरही तोच क्रम दिसला. मात्र "खाण" हा शब्द रजिस्टरात कोठेही नव्हता. तेथेही पालकांच्या अर्जावरूनच मुले गेलेली होती.

तिसऱ्या रविवारी वाद संपला. सभासदत्वाचे कलम मी सुचवलेल्या शब्दांत मंजूर झाले, फक्त मतदानाचा अधिकार सभासद झाल्यावर एका वर्षाने मिळेल अशी पुस्ती जोडली गेली, आणि ती योग्यच होती.

नोंदणीचे कागद कार्यालयातून दोनदा परत आले, आणि दोन्ही वेळा चूक आमची होती. पहिल्या वेळी दोन सदस्यांच्या सह्या ओळखपत्रांवरच्या सह्यांशी जुळत नव्हत्या. दुसऱ्या वेळी शाळेच्या आवाराचा पत्ता कार्यालयाचा पत्ता म्हणून दिला होता, पण शाळा चालवणाऱ्या संस्थेचे संमतिपत्र जोडले नव्हते. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी हे पत्र सर्वांत आधी मिळवावे, कारण शाळा चालवणारी संस्था आणि माजी विद्यार्थ्यांची संस्था या कायद्याने वेगळ्या असतात आणि हे अंतर सुरुवातीलाच दोघांनी मान्य केलेले बरे असते. २०२३ च्या सुरुवातीला प्रमाणपत्र हाती आले. त्यानंतर संस्थेच्या नावाचे पॅन कार्ड आणि दोन सह्यांचे बँक खाते ही कामे विनाअडथळा झाली.

आयकराच्या सवलतीचा विषय अवघड होता आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आमच्या उद्दिष्टपत्रात पहिलेच वाक्य "सभासदांच्या कल्याणासाठी कार्य करणे" असे होते. आमच्या सनदी लेखापालांनी ते पाहून विचारले की ही संस्था कोणासाठी आहे. जी संस्था केवळ आपल्या सभासदांच्या लाभासाठी चालते ती कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक धर्मादाय ठरत नाही, आणि मग १९६१ च्या आयकर कायद्याच्या १२ए कलमाखालची, संस्थेला करसवलत देणारी नोंदणी किंवा देणगीदारांना मिळणारी ८०जी ची सवलत मागता येत नव्हती. आम्ही तर शाळा अर्धवट सोडलेल्यांना सभासद करून त्यांनाच शिक्षणासाठी मदत करू पाहत होतो. तीन आठवडे चर्चा करून आम्ही उद्दिष्टे नव्याने मांडली, सर्वसाधारण सभेचा ठराव करून ती दुरुस्ती दाखल केली आणि नव्या उद्दिष्टांत ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि शिक्षण खंडित झालेल्या कोणाही व्यक्तीचे पुनःशिक्षण एवढेच ठेवले. मदत मिळण्यासाठी सभासद असण्याची अट नाही, आणि सभासद असल्यामुळे मदतीवर हक्कही पोहोचत नाही. या बदलाने आमचे काही बिघडले नाही. उलट, मदत मागणाऱ्याला आमच्यात सामील होण्याची सक्ती वाटू नये, ही गोष्ट कायद्याने आमच्याकडून करून घेतली. १०ए नमुन्यातील अर्जावर तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळाली. नव्या करप्रणालीत ८०जी ची वजावट मिळत नाही, त्यामुळे आमच्यातील पगारदार देणगीदारांपैकी अनेकांना त्या सवलतीचा प्रत्यक्ष उपयोग नाही. तरीही ती घेतल्यामुळे दरवर्षी देणग्यांचे विवरण वेळेत भरावे लागते, दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर सवलत लागू होत नसल्याने बहुतेक व्यवहार बँकेतून होतात, आणि हिशेबाची शिस्त आपोआप राहते.

सर्वांत दुःखाचा प्रसंग एका वर्गमित्राच्या बाबतीत आला. त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे आणि तो इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. संस्था नोंदवल्याचे कळताच त्याने मोठी रक्कम देऊ केली. आम्हांला ती नाकारावी लागली. परदेशात नोकरी करणाऱ्या पण भारतीय नागरिक असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी आपण घेऊ शकतो, पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याची देणगी परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी विदेशी योगदान ठरते, आणि त्यासाठी २०१० च्या विदेशी योगदान नियमन कायद्याखाली वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नोंदणी मागण्यासाठी संस्था तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि त्या तीन वर्षांत तिने मूळ कार्यावर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. शंभर-शंभर रुपयांवर चालणाऱ्या आमच्या संस्थेला ते शक्य नव्हते. ज्या गोव्यात जवळपास प्रत्येक गावातून कोणी ना कोणी पोर्तुगालच्या मार्गाने बाहेर गेले आहे, तेथे प्रत्येक माजी विद्यार्थी संघाला या प्रश्नाला तोंड द्यावे लागेल. मी त्याला फोनवर हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे मी आता शाळेचा नाही?" मी त्याला सभासदत्वाचे कलम वाचून दाखवले. त्याचे नाव रजिस्टरात होते. गेली दीड वर्षे तो दर रविवारी एक तास, एक शिक्षिका वर्गात बसलेल्या असताना, दहावीच्या मुलांना पडद्यावरून इंग्रजी बोलायला शिकवतो.

अर्धवट गेलेल्यांचा शोध आम्ही गावानुसार वाटून घेतला. पत्ते जुने होते, मुलींची आडनावे बदललेली होती. कदंबचे वाहक, देवळातले पुजारी, शिगम्याच्या मेळातले लोक यांच्याकडून माहिती मिळत गेली. अनेकांनी आम्हांला दारातूनच परत पाठवले आणि त्यांचा तो अधिकार आम्ही मानला. सतरा क्रमांकाची माझी मैत्रीण मला २०२३ च्या शिगम्यात केरी गावात सापडली. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. तिने मला लगेच ओळखले, पण सभेचे आमंत्रण ऐकून म्हणाली, "हांव दहावी जावंक ना गो, म्हाका कित्याक आपयतात?" (मी दहावी झाले नाही गं, मला कशाला बोलावतात?) मी तिला रजिस्टरातल्या तिच्या नावाविषयी सांगितले. त्या दिवाळीत तिची आई अंथरुणाला खिळली होती, धाकटी भावंडे लहान होती, आणि आई बरी झाल्यावर परत जायचे असे घरात ठरले होते. आई फाल्गुनात बरी झाली. "पण कोणी विचारायला आले नाही," ती म्हणाली, "मला वाटले, माझे नाव काढून टाकले असेल." कोणी एकदा दारी गेले असते तर ती आली असती, हे तिने तेव्हा सांगितले नाही. ते तिने पुढे बऱ्याच महिन्यांनी सांगितले.

सेविकेच्या पदासाठी शिक्षणाची अट तिच्या आड येत होती. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा मराठीतून देता येते, पाच वर्षांत आपल्या सोयीने विषय पूर्ण करता येतात आणि परीक्षा वर्षातून दोनदा होते. ही माहिती आम्ही तिला आणि आणखी अकरा जणांना दिली, अर्ज भरून दिले, शुल्क संस्थेने भरले. २०२४ च्या एप्रिल-मेच्या परीक्षेत तिने दोन विषय दिले आणि दोन्हींत ती उत्तीर्ण झाली.

वसतिगृहात माजी विद्यार्थ्यांनी कसे यावे-जावे याचे नियम करताना मात्र आमच्यातले काही जण दुखावले. आपल्याच जुन्या खोलीत जाऊन बसायला परवानगी कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. मी उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली शाळेवर येणारी जबाबदारी मला माहीत आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, आता ती खोली ज्या मुलीची आहे तिला अनोळखी माणूस दारात उभा राहिलेला का चालावा? त्यामुळे येण्याची नोंद नोंदवहीत, मुक्काम नाही, एकट्या मुलाला भेटवस्तू नाही, आणि मदत मिळालेल्या मुलाचे छायाचित्र कोठेही नाही, असे नियम झाले. चष्मे, गाडीभाडे, रेनकोट यांसाठीची यादी रेक्टरबाई ठरवतात आणि पैसे शाळेमार्फत जातात, त्यामुळे कोणाला काय मिळाले हे आम्हांलाही कळत नाही.

आमची शाळा दहावीला संपते, म्हणून अकरावीच्या वर्षासाठी वाळपई, साखळी, फोंडा आणि पणजी येथे प्रत्येकी दोन सभासद नेमले आहेत. प्रवेशाच्या दिवशी ते मुलाबरोबर जातात, पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा भेटतात. यासाठी विशेष खर्च येत नाही.

रेक्टरसरांनी जे मागितले होते त्यासाठी आम्ही एक साधी व्यवस्था केली आहे. सुटीनंतर एखादे मूल परतले नाही तर तिसऱ्या दिवशी शाळा आम्हांला कळवते आणि त्या गावातले किंवा शेजारच्या गावातले दोन सभासद, त्यांपैकी एक स्त्री, त्या घरी जातात. तेथे आम्ही उपदेश करायचा नाही, पैशाचे आश्वासन द्यायचे नाही. काय झाले ते विचारायचे, मुलाची जागा राखून ठेवली आहे हे सांगायचे, आणि शाळेला कळवायचे. या भेटींसाठी ज्यांची नावे आम्ही सर्वांत आधी लिहिली ते बहुतेक दहावीपूर्वी गेलेले सभासद आहेत, कारण त्यांना त्या घरात काय विचारावे हे आमच्यापेक्षा नेमके ठाऊक असते.

२०२४ च्या दिवाळीच्या सुटीनंतर सातवीतला एक मुलगा आला नाही. गाव केरीच्या जवळचे होते. माझी मैत्रीण आणि गॅरेज चालवणारे आमचे एक ज्येष्ठ सभासद संध्याकाळी तेथे गेले. रात्री नऊच्या सुमारास तिचा फोन आला. मुलाच्या वडिलांना बांबोळीच्या इस्पितळात ठेवले होते, आई तेथेच होती, घरी आजी आणि मुलगा दोघेच होते, आणि आजीला एकटे सोडून जायला तो तयार नव्हता. शेजारच्या बाई रात्री आजीसोबत झोपायला येतील असे तिने त्यांच्याशी बोलून ठरवले होते. मी विचारले की मग मुलाला कधी पाठवणार.

"पाठवायला नको," ती म्हणाली. "सकाळच्या पहिल्या गाडीने मीच घेऊन येते. तेवढे रेक्टरबाईंना सांगून ठेव, त्याची खाट दुसऱ्याला देऊ नका म्हणावे."